घासलेले दगड

पितरांचा पंधरवडा सरत आला की आमच्या कोल्हापुरात गोधड्या घराबाहेर पडतात. घट बसायच्या आत घरातलं एकूण एक कापड धुऊन निघालं पाहिजे, हा इथला कायदाच आहे. पडदे, चटया, चादरी, कपाटाच्या तळाशी वर्षभर झोपलेले रग, सगळं रिक्षात कोंबायचं आणि पंचगंगेवर न्यायचं. आता घरोघरी मशीन आली, पण जड वाकळ मशीनला पेलत नाही, म्हणून नदीवर अजूनही धोपटण्याचा आवाज येतोच. वारं तिकडचं असलं तर कसबा बावड्यात आमच्या गच्चीवर तो ऐकू येतो. बाकीच्या बायकांना त्या आवाजानं सणाची चाहूल लागते. मी मात्र गच्चीचं दार लावून घेते.

पूर्वी असं नव्हतं बरं का. या दिवसांत माझ्या अंगात वारं भरायचं. मी तोंडानं फटकळ, आणि हातानं त्याहून. फळ्यांवरचे डबे उतरव, पंख्याची पाती पूस, देवाची भांडी चिंचेनं घास. 'हात फिरे तिथं लक्ष्मी वसे' असं माझी आई म्हणायची आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. शेजारणी चेष्टा करायच्या, "ही बाई एक दिवस पाणी सुद्धा धुवून घेईल." मी हसायची. मनातनं मला त्याचा अभिमान होता.

मी काय केलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गोड बोलून लपवायचा मोह व्हायला नको. एक बोटाएवढा मासा माझ्यामुळं मेला, आणि त्याचं खापर मी सतरा वर्षं माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर फुटू दिलं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? माशाचं काय एवढं! मीसुद्धा स्वतःला हेच सांगत आले. पण गोष्ट माशाची कधी नव्हतीच. गोष्ट ह्यांच्या हाताची होती.

हे साखर कारखान्यात केमिस्ट होते. हंगाम सुरू झाला की रसाची तपासणी, साखरेची तपासणी, पाळीवर पाळी. पावसाळ्यात मात्र हात मोकळे. आणि ह्यांना आयुष्यात हौस एकच, वाढायची. स्वयंपाकाची नव्हे, वाढायची. नेसरीला, म्हणजे ह्यांच्या गावी, जत्रेची पंगत बसली की हे पँट दुमडून, बादली आणि पळी घेऊन उतरायचे. "पावणं, आमटी घ्या की! असं चिमणीवानी काय जेवताय?" पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतनं आमटी सोडायचे. लोक वैतागायचे, हसायचे आणि जेवायचे. एरवी हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलणार नाही, पण हातात पळी आली की ह्यांना वाचा फुटायची.

घरी मात्र मला आग्रह खपायचा नाही. "अजून अर्धी भाकरी घे की," असं हे दर जेवणाला म्हणायचे आणि दर जेवणाला मी वसकन अंगावर जायची. "माझं पोट मला कळतं!" तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धी घे की. आमची एकुलती एक मृणाल बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली आणि ह्यांना वाढायला घरात धड माणूसच उरलं नाही. मला वाटतं, त्या पोकळीतच ती माशांची टाकी आली.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. लोकांच्या घरात गोल्डफिश असायचे, ह्यांनी मात्र समुद्र आणायचा ठरवला. रत्नागिरीहून येणाऱ्या मासळीच्या गाडीवाल्याकडून खाऱ्या पाण्याचे कॅन मागवले. आमच्या लिंगायत घरात ताटात मासा कधी पडला नाही, आणि आता दारात मासळीची गाडी थांबायला लागली. सगळी गल्ली खिडकीत! "रॉकेल हाय काय वो?" असं शेजारच्यांनी विचारलं सुद्धा. पुण्याहून समुद्रातले दगड आले. हे त्यांना जिवंत दगड म्हणायचे. मला ते शेवाळानं माखलेले, हिरवे-तपकिरी, वास मारणारे गोटे दिसायचे. हे भिंग लावून दाखवायचे, "बघ, कायतरी हलतंय." आणि खरंच हलायचं. तिळाच्या टोकाएवढे किडे, शेकड्यानं. मी म्हणायची, "दिवाणखान्यात उवा पाळल्या म्हणा की."

मग तो आला. मँडरिन जातीचा मासा. निळ्या रेशमावर नारिंगी नागमोडी रेघा, हिरवे गाल, बेडकासारखे वर आलेले डोळे. मला टाकीचा राग होता, पण त्याला बघून मीसुद्धा "अगं बाई!" म्हणून गेले. दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की हा टाकीतच जन्मलेला आहे, ह्यानं समुद्र बघितलेला नाही, त्यामुळं जिवंत किडाच पाहिजे असला नखरा करणार नाही, दाणे टाका, खाईल. खरंखोटं देव जाणे. पहिले चार दिवस दाणे त्याच्या नाकाखालून वाहत गेले आणि त्यानं ढुंकून बघितलं नाही. त्याच्याबरोबर आणलेले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकरमासे मात्र त्याचंही आणि आपलंही खाऊन तट्ट फुगले.

मी त्याचं नाव 'पावणं' ठेवलं. पंगतीत रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा होता म्हणून. आणि ह्यांना तर असला पाहुणाच पाहिजे होता. जो खात नाही त्याला खायला घालायचं, यात ह्यांचा जन्म गेलेला! ह्यांनी स्वयंपाकाच्या ओट्यावर एक बाटली बूड कापून उलटी टांगली, त्यात खारं पाणी, खालून हवेचे बुडबुडे, आणि राजगिऱ्याहून बारीक अशी कसलीशी अंडी. दीड दिवसात बाटलीत केशरी धुकं व्हायचं. ती पिल्लं. "माझ्या ओट्यावर किडे उबवताय व्हय!" मी ओरडायची. हे म्हणायचे, "आगं हळू बोल. पावण्याचा सैपाक चाललाय."

ते केशरी धुकं टाकीत सोडलं की जोकरमासे फस्त करायचे. म्हणून ह्यांनी लोणच्याची छोटी बाटली टाकीच्या तळाला आडवी ठेवली. तोंड एवढं अरुंद की त्यातून फक्त पावणंच आत जाईल. काचेच्या नळीनं हे त्या बाटलीत पिल्लं सोडायचे, थेंब थेंब. आणि पुढं खुर्ची टाकून बसायचे. पहिल्यांदा तो बाटलीत शिरला आणि टिपायला लागला तेव्हा मी भाजी निवडत होते. हे हाक न मारता, पावणं बिचकू नये म्हणून, नुसता हात हलवत होते. मी गेले तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "जेवतंय गं," म्हणाले. "माझ्या हातचं जेवतंय."

एवढं झालं तरी त्याचं खरं जेवण दगडांवर होतं. बाटलीतलं म्हणजे सकाळ-संध्याकाळचा नाश्ता. बाकी दिवसभर तो त्या शेवाळातनं उड्या मारत, टुक टुक करत ते तिळाएवढे किडे टिपत फिरायचा. हे मला ह्यांनी दहा वेळा सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही. मी ऐकलं होतं, फक्त कानाआड केलं होतं.

नेसरीची माझी मोठी जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो, आदल्या वर्षी नवरात्रात आली होती. टाकीपुढं उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. "आगं, सगळं घर आरशावानी ठेवतीस आणि दिवाणखान्यात शेवाळ पाळलंय व्हय?" चार बायका हसल्या. एवढंच. पण ते वाक्य माझ्या डोक्यात वर्षभर कुसळासारखं राहिलं. पुढच्या वर्षी घट बसायचा आदला दिवस आला. घरातलं सगळं धुऊन झालं होतं, वाकळा गच्चीवर वाळत होत्या, अक्का दुसऱ्या दिवशी येणार होती. हे कारखान्यात, बॉयलर पेटवायचे दिवस जवळ आलेले. मी दिवाणखान्यात उभी राहिले आणि घरात न धुतलेली एकच वस्तू मला दिसली.

मी पदर खोचला. टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाठीमागचे, मधले, जेवढे निघतील तेवढे दगड बादलीत काढले. मोरीत बसून, बोअरच्या पाण्याखाली, कपड्याच्या ब्रशनं एकेक दगड खसाखसा घासला. हिरवं पाणी, तपकिरी पाणी, मग स्वच्छ पाणी. खरं सांगते, मला आनंद होत होता. दगड होते तसे मांडून ठेवले, काच पुसली आणि लांबनं बघितलं. टाकी पहिल्यांदा माझ्या घरातली वाटली. पावणं एका कोपऱ्यात टेकून बसला होता, त्याच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी हे आले, टाकीपुढं वाकले. "दगड उजळल्यागत दिसाय लागलेत."

आता इथं मी "घासले मी" म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. चार दिवस ओरडले असते, नाही तर तेही नाही. पण ह्यांच्या चेहऱ्याकडं बघून माझी जीभ भलतीकडंच वळली. "गोगलगायींनी खाल्लं असंल," मी म्हणाले. टाकीत पाच-सहा गोगलगायी सोडल्या होत्या शेवाळ खायला. आणि ह्यांना ते पटलं! खूश झाले. काचेवर बोट टेकवून एका गोगलगायीला म्हणाले, "वा रं पठ्ठे! कामाला लागलास की." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी घट बसला. काळी माती आणली, त्यात धान्य पेरलं, वर कलश ठेवला. मातीत जीव असतो म्हणून तिची पूजा करायची, हे मला कळत होतं. आणि आदल्या दिवशी ते जिवंत दगड घासणारीही मीच. अक्का आली, टाकी बघून म्हणाली, "आता कसं मानसाच्या घरातलं वाटतंय." जे ऐकायला मी केलं ते ऐकून झालं.

तिसऱ्या माळेला पावणं बाटलीत शिरेना. ह्यांनी कारखान्यातल्या सवयीनं पाणी तपासलं. परीक्षानळीत थेंब टाकले, पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं. बोअरच्या गोड्या पाण्यानं दगडांवरचं जे जे मेलं होतं, ते सगळं आता टाकीत कुजायला लागलं होतं. पण हे कुठनं कळणार ह्यांना? केमिस्ट माणूस, त्यानं आपल्या परीनं हिशोब लावला. माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर. "मीच जादा घालतोय. बाटलीतलं खाल्लं जात न्हाय, त्येच कुजतंय. आता खाणं कमी कराय पायजे."

मी साबुदाण्याची खिचडी वाढून घेत होते. नऊ दिवसांचे उपवास होते ना माझे! खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. मला ठाऊक होतं की आता त्या दगडांवर काही उरलेलं नाही, बाटलीतलंच काय ते त्याचं अन्न आहे, आणि हे ते कमी करायला निघालेत. मला त्या क्षणी सगळं, अगदी सगळं, स्वच्छ कळलं होतं. आणि मी मूग गिळून बसले. दगड घासणं ही चूक होती. चूक कुणाकडनंही होते. पण ते टेबल, ती खिचडी, आणि माझं ते गप्प बसणं, ह्याला मला अजून दुसरा शब्द सापडलेला नाही. पाप म्हणतात ते हेच असणार.

ह्यांनी खाणं निम्मं केलं, मग त्याच्याही निम्मं. पाणी सुधारलं. पावणं मात्र सुकत गेला. आधी पाठ धारदार झाली, मग पोट आत गेलं. पोट पाठीला लागणं म्हणजे काय ते मी त्या माशात बघितलं. तो त्या स्वच्छ दगडांवरनं दिवसभर फिरायचा, थांबायचा, टिपायचा. टिपायला काही नसायचं, तरी टिपायचा. हे खुर्ची टाकून बसायचे. पंगतीत म्हणतात तसंच त्याला म्हणायचे, पण हळू आवाजात, "घ्या की पावणं. एक घास." कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटलीत मिळाला. तोंड आतल्या बाजूला करून. म्हणजे शेवटी जेवायलाच गेला होता.

ह्यांनी त्याला जास्वंदीखाली पुरलं आणि पंधरा दिवसांत टाकी मोडली. जोकरमासे पुण्याला कुणाला तरी दिले.

दिवाळीत अक्कानं विचारलं, "मासा कुठं गेला गं तो रंगीत?" सगळे फराळाला बसले होते. हे लाडू तोडत होते. आणि मी, माझी ही जीभ झडली असती तर बरं झालं असतं, मी म्हणाले, "ह्यांनी वाढून वाढून मारला." काय हशा पिकला! अक्का तर डोळे पुसायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. आणि इथं तर चोरच फाशी देत होता. हेसुद्धा हसले. मान खाली घालून, लाडवाचा तुकडा हातात धरून, हसले.

आमच्याकडं एकदा चेष्टा धरली की सुटत नाही. पुढच्या जत्रेत हे बादली घेऊन उतरले तर कुणीतरी ओरडलं, "भाऊजींच्या हातचं नगं रं बाबा, मासा मेलाय!" पंगत हसली. त्याच्या पुढच्या लग्नात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ह्यांनी बादली पुतण्याच्या हातात दिली आणि कंबर दुखतीय म्हणाले. कंबर ठणठणीत होती, मला माहीत होतं. त्यानंतर ह्यांनी पळी धरली नाही. पंगतीत टोकाला बसून खाली मान घालून जेवायचे आणि हात धुऊन उठायचे. घरात मला तेवढं म्हणायचे, अर्धी घे की. तेवढी एक पंगत उरली होती ह्यांची, माझ्या पानाची. आणि मी अजूनही वसकन ओरडतच होते.

हे निवृत्त झाले तेव्हा मृणालनं उत्साहानं फोन केला. "बाबा, आपण पुन्हा टाकी करू. आता ते मँडरिन खरंच टाकीत जन्मलेले मिळतात. लहानपणापासून गोठवलेलं खायची सवय लावतात, दाणेसुद्धा खातात." फोन स्पीकरवर होता. हे म्हणाले, "नगं बाळ. माझ्या हाताला न्हाय त्ये." मी शेजारीच कोथिंबीर निवडत होते. निवडत राहिले.

मृणालला मुलगी झाली. गेल्या वर्षी नवरात्रात, पाचव्या माळेला, आमच्याच घरी उष्टावण केलं. सगळे जमले होते, अक्कासुद्धा, आता काठी टेकत. चांदीच्या वाटीत खीर, चांदीचा चमचा. मृणाल म्हणाली, "पहिला घास बाबांच्या हातचा." पोर आईच्या मांडीवर तोंडाचा चंबू करून बसली होती.

हे दोन पावलं मागं सरले. आणि हसून, स्वतःहून म्हणाले, "माझ्या हातचं नगं गं. मासा मेलाय."

सगळे हसले. सतरा वर्षं मी तो विनोद दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि मला कळलं की ह्यांच्यासाठी तो विनोद कधी नव्हताच.

"दगड मी घासले," मी म्हणाले.

कुणाला काही कळेना. मृणाल माझ्याकडं बघायला लागली, आईला काय झालं म्हणून. एकट्या ह्यांना कळलं. चमच्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "गोड्या पाण्यात?"

"व्हय. बोअरच्या. कपड्याच्या ब्रशनं. घटाच्या आदल्या दिवशी."

हे हिशोब लावत होते, मला दिसत होतं. मग अगदी हळू, तक्रारीचा सूरसुद्धा नाही, "मी खाणं कमी केलं, तवा तू समोर बसल्तीस."

"बसल्ते."

त्यांनी मान हलवली. मोरीत गेले, हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. परत आले, मृणालसमोर मांडी घातली, चमच्याच्या टोकाला खीर घेऊन नातीच्या ओठाला लावली. पोरीनं जीभ बाहेर काढली, चाटली, आणि पुन्हा तोंड उघडलं. अक्कानं पदर डोळ्यांना लावला. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

आता नात दीड वर्षाची आहे. सुट्टीला आली की ह्यांच्याच हातनं जेवते. यंदा नेसरीच्या जत्रेत ह्यांनी इतक्या वर्षांनी बादली उचलली. पँट दुमडून, पळी वाजवत. "पावणं, घ्या की! लाजताय कशाला?" तोच आवाज, जरा घोगरा झालेला. मी बायकांच्या पंगतीत बसले होते. हे रांगेनं आग्रह करत येत होते, अक्काच्या पानावर तर तिनं हात धरला तरी दोन पळ्या सोडल्या. मग माझ्या पानापुढं वाकले. एक पळी आमटी वाढली, नीट, एक थेंब न सांडता.

मी पानावर हात आडवा धरला नव्हता. 'अजून घे की' ऐकायला थांबले होते. हे पुढच्या पानाकडं गेले.